गुरुवर्य विष्णु वासुदेव नारळीकर

दिवाळी सरून थंडीला प्रारंभ झाला, की कर्जत आणि खालापूर या तालुक्यांवरील आकाश स्वच्छ होते. पूर्वेस सह्याद्रीची भिंत काळोखात उभी असते. गावातील दिवे मालवले, म्हणजे अंगणात उभ्या असलेल्या मुलाला माथ्यावर अगणित तारे दिसू लागतात. त्यांत देवयानी नावाच्या तारकासमूहात एक पुसट, धुरकट ठिपका असतो. तो तारा नव्हे. अब्जावधी ताऱ्यांचा तो एक प्रचंड समूह आहे. अशा समूहास दीर्घिका असे म्हणतात. त्या दीर्घिकेतून निघालेला प्रकाश सुमारे पंचवीस लक्ष वर्षे प्रवास करून मग त्या मुलाच्या डोळ्यांत शिरतो.

अशा शांत वेळी दूर रुळांवरून एखादी जलद गाडी शिट्टी वाजवीत जाते. गाडी जवळ येत असताना शिट्टीचा सूर चढा असतो. ती समोरून निघून दूर जाऊ लागली, की तोच सूर एकदम उतरतो. रेल्वेच्या काठी वाढलेल्या मुलांना हा अनुभव नेहमीचाच. इंजिन तेच, शिट्टीही तीच. मग सूर का बदलावा? ध्वनी हा लाटांच्या रूपाने येतो. गाडी जवळ येत असता त्या लाटा दाटीने येतात, आणि गाडी दूर जाऊ लागली, की त्या ताणल्या जातात. लाट ताणली, की सूर उतरतो. प्रकाशही लाटांच्याच रूपाने येतो. प्रकाशाची लाट ताणली गेली, तर तिचा रंग तांबड्याकडे झुकतो. आगगाडीच्या शिट्टीत आढळणाऱ्या या साध्या गोष्टीशी विश्वाच्या उगमाचा प्रश्न जोडला जाईल, असे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणास वाटले नसते. परंतु तसे घडले खरे. ते घडत असताना एक मराठी विद्यार्थी त्या ज्ञानाच्या अगदी उंबरठ्यावर उभा होता. त्याचे नाव विष्णु वासुदेव नारळीकर.

विष्णु नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्या वेळी कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींचे राज्य होते. महाराजांनी वसतिगृहे उघडली, आणि पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. विद्येविषयी आस्था बाळगणाऱ्या या नगरीत विष्णूचे बालपण गेले. गणित हा त्याचा आवडीचा विषय होता.

विष्णु दहा वर्षांचा असताना, २९ मे १९१९ रोजी, आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या प्रिन्सिपे नावाच्या बेटावर आर्थर एडिंग्टन नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ सूर्याच्या खग्रास ग्रहणाची छायाचित्रे घेत होते. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१५ साली गुरुत्वाकर्षणाविषयी एक नवा सिद्धांत मांडला होता. सूर्यासारख्या जड वस्तूजवळून जाणारा प्रकाश थोडासा वळतो, आणि तो किती वळतो, हे त्या सिद्धांतावरून सांगता येत असे. ग्रहणात सूर्य झाकला गेल्यावर त्याच्या भोवतालचे तारे दिसले, आणि आइन्स्टाइनचे गणित बरोबर ठरले. या सिद्धांताला व्यापक सापेक्षतावाद असे नाव आहे. पुढे अकरा-बारा वर्षांनी कोल्हापूरचा हा मुलगा याच एडिंग्टन यांच्यापाशी विद्यार्थी म्हणून जाणार होता.

शालेय शिक्षणानंतर विष्णु मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत दाखल झाला. कोल्हापूरहून मुंबईस जाणारा आगगाडीचा मार्ग पुण्यावरून येई, आणि बोरघाटातील बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत कर्जतला उतरे. वाफेच्या इंजिनांचा तो काळ होता. शिक्षणासाठी घर सोडून निघालेल्या दक्षिण महाराष्ट्रातील कितीतरी मुलांनी कर्जतच्या फलाटावरच प्रथम कोकणाचा उष्ण वारा अनुभवला. मुंबईस १९२८ साली विष्णूने बी. एस्‌सी. ही पदवी संपादन केली. त्याच्या बुद्धिमत्तेमुळे त्याला शिष्यवृत्ती मिळाली, आणि तो उच्च शिक्षणासाठी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेला.

केंब्रिज येथे ट्रायपॉस नावाची गणिताची परीक्षा असते. ती फार कठीण समजली जाते, आणि तीत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात. नारळीकर त्या परीक्षेत विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले. म्हणूनच पुढे महाराष्ट्रात त्यांचा उल्लेख रँग्लर नारळीकर असा होऊ लागला. खगोलशास्त्रातील यशाबद्दल दिले जाणारे टायसन पदक आणि संशोधनाबद्दलचे रॅले पारितोषिक हे मानही त्यांनी मिळविले. परंतु पदकांहूनही मोलाची अशी एक गोष्ट त्यांना तेथे लाभली. विश्वाकडे पाहण्याची माणसाची दृष्टी ज्या तीन-चार वर्षांत पालटली, नेमकी तीच वर्षे त्यांनी केंब्रिजमध्ये काढली.

ती दृष्टी कशी पालटली, हे पाहण्याजोगे आहे. विश्व हे जसे आहे तसेच सदैव राहिले आहे, अशी तोवर बहुतेकांची समजूत होती. आइन्स्टाइन यांचीही तीच समजूत होती. त्यांच्या समीकरणांवरून मात्र विश्व स्थिर राहू शकत नाही असे दिसत होते. म्हणून १९१७ साली त्यांनी त्या समीकरणांत एक जादा पद घातले, आणि कागदावरचे विश्व स्थिर केले. पुढे १९२२ साली रशियातील अलेक्झांडर फ्रीडमन यांनी प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे गणित मांडले. १९२७ साली बेल्जियममधील झॉर्झ लमेत्र या शास्त्रज्ञाने तोच विचार स्वतंत्रपणे मांडून दीर्घिकांच्या गतीशी त्याची सांगड घातली. लमेत्र हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि पूर्वी केंब्रिजमध्ये एडिंग्टन यांचे विद्यार्थी होते. १९२९ साली अमेरिकेतील एडविन हबल यांनी माउंट विल्सन येथील मोठ्या दुर्बिणीतून घेतलेल्या मापांवरून दाखवून दिले, की जी दीर्घिका जितकी अधिक दूर, तितका तिचा प्रकाश अधिक तांबडेपणाकडे झुकलेला असतो. आगगाडी दूर जाताना शिट्टीचा सूर उतरतो, काहीसा तसाच हा प्रकार होता. अगदी जवळच्या काही सोडल्या, तर सर्व दीर्घिका आपल्यापासून दूर चालल्या होत्या.

याचा अर्थ आपण विश्वाच्या मध्यभागी आहोत, असा नव्हे. रबरी फुग्यावर शाईचे ठिपके काढून तो फुगवीत गेले, तर प्रत्येक ठिपका इतर सर्व ठिपक्यांपासून दूर जातो. मध्यभागी असा त्यांतील एकही नसतो. दीर्घिकांचे तसेच आहे. त्या अवकाशातून पळत सुटल्या आहेत असे म्हणण्यापेक्षा, त्यांच्यामधील अवकाशच ताणले जात आहे, असे म्हणणे अधिक योग्य होय.

आता या गोष्टीचा उलट दिशेने विचार करावा. आज सर्व काही एकमेकांपासून दूर जात असेल, तर काल ते अधिक जवळ असले पाहिजे, आणि फार फार पूर्वी सारेच एका ठिकाणी दाटलेले असले पाहिजे. लमेत्र यांनी १९३१ साली हाच विचार धिटाईने मांडला. प्रारंभी सर्व द्रव्य एका आदिम अणूत सामावलेले होते, आणि त्याच्या विघटनातून विश्वाचा विस्तार सुरू झाला, असे त्यांनी म्हटले. त्यांच्या गुरूंना, म्हणजे एडिंग्टन यांना, विश्वाचे प्रसरण मान्य होते. लमेत्र यांच्या उपेक्षित निबंधाकडे जगाचे लक्ष त्यांनीच वेधले होते. परंतु विश्वाला असा एकाएकी प्रारंभ असावा, ही कल्पना त्यांना रुचली नाही. गुरू आणि शिष्य यांचा असा मतभेद झाला, तरी त्यामुळे त्यांचा परस्परांविषयीचा आदर उणावला नाही. निर्णय आकाशाने द्यावयाचा आहे, हे दोघेही जाणून होते. विज्ञानाचा हा रिवाज तरुण नारळीकरांना केंब्रिजमध्ये अगदी जवळून पाहावयास मिळाला.

नारळीकरांचे वय त्या वेळी तेवीस वर्षांचे होते. एडिंग्टन यांच्यासारख्या थोर पुरुषांच्या सान्निध्यात राहून ते संशोधन करीत होते. युरोपात किंवा अमेरिकेत राहिले असते, तर मोठ्या दुर्बिणी, समृद्ध ग्रंथालये आणि रोज नवे बोलणारे सहकारी त्यांना लाभले असते. अशा वेळी त्यांना हिंदुस्थानातून बोलावणे आले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ साली काशी येथे हिंदू विश्वविद्यालय स्थापन केले होते. देशातील उत्तमोत्तम विद्वान तेथे यावेत, अशी त्यांची तळमळ होती. गणित विभागाची धुरा नारळीकरांनी स्वीकारावी, असे मालवीयजींनी सुचविले.

हा निर्णय सोपा नव्हता. काशीस मोठी वेधशाळा नव्हती. विलायतेत छापलेली शोधपत्रिका बोटीने येई, आणि हाती पडेपर्यंत ती आठवडेच्या आठवडे जुनी झालेली असे. सापेक्षतावादावर चर्चा करण्यास जोडीदार मिळणेही दुर्मिळ होते. संशोधनाच्या शर्यतीत मागे पडण्याची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. परंतु आपल्या देशातील मुलांना हे नवे ज्ञान कोणी शिकवावयाचे, हाही प्रश्न तितकाच खरा होता. नारळीकरांनी विचार केला आणि १९३२ साली ते काशीस परतले. ज्या वयात पुष्कळजण अजून शिकतच असतात, त्या वयात ते एका मोठ्या विद्यापीठातील गणित विभागाचे प्रमुख झाले.

तेथे त्यांनी अठ्ठावीस वर्षे अध्यापन केले. हाती दुर्बीण नसली, तरी कागद, लेखणी आणि तर्कशक्ती ही साधने सापेक्षतावादाच्या अभ्यासकास पुरेशी होती. आइन्स्टाइन यांची समीकरणे मांडण्यास जितकी थोडी जागा लागते, तितकीच ती सोडविण्यास अवघड असतात. त्यांची नवी उत्तरे शोधण्याचे काम नारळीकर व त्यांचे विद्यार्थी यांनी काशीस चालविले, आणि हळूहळू तेथे सापेक्षतावादाच्या अभ्यासाची एक परंपराच निर्माण झाली.

या परंपरेचे मोल दाखविणारी एक हकिगत आहे. १९४२ सालची ही गोष्ट. जगात महायुद्ध पेटले होते, आणि देशात चले जाव आंदोलनाने पेट घेतला होता. विद्यार्थी व तुरुंग यांतले अंतर कमी झाले होते, आणि काशीचे विश्वविद्यालयही त्या वणव्यापासून अलिप्त राहिले नव्हते. अशा धामधुमीत गुजरातमधील प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा चोवीस वर्षांचा तरुण पत्नी व तान्ह्या मुलीसह काशीस आला. त्याच्यापाशी शिष्यवृत्ती नव्हती, नोकरीही नव्हती. गाठीस थोडी शिल्लक तेवढी होती. ती पुरेल तोवर नारळीकरांपाशी सापेक्षतावाद शिकावा, या एकाच इच्छेने तो आला होता. नारळीकरांनी त्याला जवळ केले.

सुमारे दहा महिने वैद्य काशीस राहिले. जो तारा प्रकाश बाहेर टाकीत नाही अशा ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित जर्मनीतील कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी १९१६ साली केले होते. परंतु खरे तारे तर अखंड प्रकाश ओतीत असतात. प्रकाशाबरोबर ताऱ्याची ऊर्जा जाते, आणि ऊर्जेबरोबर त्याचे वस्तुमानही घटत जाते. अशा ताऱ्याचे गणित कसे मांडावे, हे कोडे वैद्य यांनी सोडविले, आणि १९४३ साली ते प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले असते, तर उत्तर देणे कठीण होते. पुढे वीस वर्षांनी आकाशात अतिशय तेजस्वी अशा नव्या वस्तूंचा शोध लागला, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांना वैद्यांच्या उत्तराची आठवण झाली. आज सापेक्षतावादाच्या ग्रंथांत ते वैद्यांच्याच नावाने ओळखले जाते. नारळीकर १९३२ साली परदेशी राहिले असते, तर १९४२ साली त्या तरुणाने कोणाचे दार ठोठावले असते?

घरीही नारळीकर शिक्षकच होते. त्यांच्या पत्नी सुमतीबाई या संस्कृतच्या विदुषी होत्या. घरातील भाषा मराठी, पाठांतर संस्कृत श्लोकांचे, आणि करमणूक गणिताची, असे ते वातावरण होते. मुलांना हवे ते लिहिता यावे म्हणून घराच्या भिंतींवर काळे फळे बसविले होते. मुक्कामास आलेले मामा त्यांवर एखादे अवघड उदाहरण लिहून ठेवीत, आणि उत्तर सापडेपर्यंत ते पुसले जात नसे. या फळ्यांपुढे वाढलेला त्यांचा थोरला मुलगा जयंत पुढे वडिलांप्रमाणेच केंब्रिजला गेला.

विश्वाच्या उगमाविषयीचा वाद त्या वेळी ऐन रंगात आला होता. १९४८ साली फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी व टॉमस गोल्ड यांनी वेगळाच विचार मांडला होता. विश्व प्रसरण पावत असले, तरी रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य सतत निर्माण होत असते. त्यामुळे विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जयंत नारळीकर हे हॉइल यांचे शिष्य झाले, आणि १९६४ साली गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. वडिलांनी अभ्यासाची गोडी लावली होती; वाट मात्र मुलाने स्वतः निवडली.

पुढच्याच वर्षी आकाशाने आपली साक्ष दिली. अमेरिकेतील अर्नो पेन्झियस व रॉबर्ट विल्सन यांना आपल्या आकाशकात सर्व दिशांनी सारखाच येणारा एक मंद सूर आढळला होता. आकाशकातील कबुतरांची घाण साफ करूनही तो जाईना. विश्वाच्या तप्त बाल्यावस्थेतील प्रारण थंड होत होत उरले आहे, तेच हे होय, असा त्याचा अर्थ १९६५ साली लावण्यात आला. त्याचे तपमान शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअस आहे. या शोधानंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या कल्पनेकडे वळले. आजच्या मोजमापांनुसार विश्वाचा विस्तार सुरू होऊन सुमारे १३८० कोटी वर्षे झाली आहेत. जयंतरावांनी मात्र महास्फोटाविषयी शंका विचारणे अखेरपर्यंत, म्हणजे २०२५ सालापर्यंत, सोडले नाही. बहुमत आपल्या बाजूस नसतानाही, पुराव्यांचा मान राखून प्रश्न विचारीत राहणे हाही विज्ञानाचा धर्मच होय.

विष्णु नारळीकर यांनी १९६० साली काशी सोडली. त्यानंतर सहा वर्षे ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून अजमेरला होते. १९६६ साली ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून आले, आणि पुन्हा खडू व फळा यांच्या सहवासात रमले. १९६९ साली त्यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने अहमदाबादेस सापेक्षतावादावर परिसंवाद भरला. एकेकाळी शिल्लक संपेपर्यंत शिकण्यास आलेले वैद्य आता गुजरातेतील नामवंत गणिती झाले होते. त्याच सुमारास सापेक्षतावादाच्या भारतीय अभ्यासकांची संघटना स्थापन झाली. सदतीस वर्षांपूर्वी ज्या विषयावर बोलण्यास जोडीदार मिळणे कठीण होते, त्याचे अभ्यासक आता संघटना स्थापण्याइतके झाले होते.

रँग्लर नारळीकर यांचे १९९१ साली निधन झाले. त्यापूर्वी तीन वर्षे, १९८८ साली, पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी राहिली होती, आणि जयंतराव तिचे संस्थापक संचालक होते. आता येथील तरुणांना विश्वाचा अभ्यास करण्यास समुद्र ओलांडून जावेच लागते, असे राहिले नाही.

विश्वाचा उगम कसा झाला, या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. हा प्रश्न एका माणसाच्या आयुष्यात संपणारा नाही. एकाने दुसऱ्याच्या हाती सोपवीत न्यावा, असा तो आहे. एडिंग्टन यांच्यापासून मिळालेले ज्ञान नारळीकरांनी गंगेच्या काठी आणले, आणि जो जो मागावयास आला, त्याच्या त्याच्या ओंजळीत ते घातले. आजही बोरघाट उतरून गाड्या कर्जतला येतात. हिवाळ्याच्या रात्री दूर जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर उतरतो, आणि माथ्यावर देवयानीतील तो धुरकट ठिपका दिसतो. अंगणात उभ्या असलेल्या एखाद्या मुलाच्या मनात त्या वेळी प्रश्न उभा राहिला, तर त्याला समजावून सांगणारा शिक्षक आता त्याच्याच देशात, त्याच्याच भाषेत भेटू शकतो. ही सोय ज्यांनी करून ठेवली, त्यांत रँग्लर नारळीकरांचे नाव अग्रभागी आहे.